इंग्रजी वाक्यातील ‘क्लॉज’ : ओळख आणि उकल

इंग्रजी व्याकरणातील कोणता पाठ विद्यार्थ्यांना सर्वांत जड जातो, असे आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही क्षणाचाही विलंब न लावता ‘क्लॉज’ असे उत्तर देऊ. काळ पाठ होतात, प्रयोग सरावाने जमतात. परंतु लांब वाक्य समोर आले आणि ‘यातील क्लॉज ओळखा’ असे म्हटले की वर्गात शांतता पसरते. आपल्या निवासी शाळेत संध्याकाळच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे हा पाठ शिकवताना जे थोडेबहुत आमच्या हाती लागले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत. इंग्रजी वाक्येही येथे देवनागरीतच दिली आहेत. ज्या पालकांना रोमन लिपीचा सराव नाही, त्यांनाही मुलांबरोबर बसून हा लेख वाचता यावा, हा त्यामागील हेतू.

प्रथम आमच्याच एका चुकीची हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या एका विद्यार्थ्याने बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. इंग्रजी सूचनापत्रात एक वाक्य होते. त्याचा आशय असा, की जातीचा दाखला सोबत असल्याखेरीज अर्जाचा विचार केला जाणार नाही. मूळ वाक्यात ‘नॉट’ होते आणि पुढे ‘अनलेस’ होते. मुलाने ‘अनलेस’चा अर्थ ‘इफ’सारखा घेतला. ‘दाखला जोडला तर विचार होणार नाही’ असे ते वाक्य त्याला वाचता आले, आणि मुद्दाम लावलेला दाखला त्याने काढून घेतला. अर्ज परत आला, तोपर्यंत मुदत संपली होती. वर्ष गेले. ‘सर, दाखला जोडू नका असंच लिहिलं होतं ना?’ असे त्याने आम्हांला विचारले तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण ‘अनलेस म्हणजे जर नाही तर’ एवढे पाठ करून घेऊन आम्ही पुढे गेलो होतो. उपवाक्य मुख्य वाक्याला कोणत्या नात्याने बांधलेले आहे, हे शिकवायचे राहिले होते.

म्हणून आरंभ नात्यापासूनच करू.

मराठी शाळांत वाक्याचे केवल, संयुक्त आणि मिश्र असे तीन प्रकार शिकवले जातात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. या काळात इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीत रुजली. मुख्य वाक्य, गौण वाक्य. गौणातही नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही सारी नावे आपण मराठीच्या तासाला ऐकलेली असतात. इंग्रजीच्या तासाला तीच मंडळी मेन क्लॉज, नाऊन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, अ‍ॅडव्हर्ब क्लॉज या नावांनी येतात, आणि मुले त्यांना अनोळखी समजतात. दोन तासांमधली भिंत एवढीच.

आता क्लॉज म्हणजे काय? ज्या शब्दसमूहात कर्ता आहे आणि काळ दाखवणारे क्रियापद आहे तो क्लॉज. ‘अ‍ॅट द स्टेशन’ हा क्लॉज नव्हे, कारण त्यात क्रियापद नाही. ‘सीइंग द क्राउड’ हाही नव्हे. ‘सीइंग’ हे क्रियापदासारखे दिसते, पण काल, आज की उद्या हे ते सांगत नाही. आपल्या ‘गर्दी पाहून’मधील ‘पाहून’सारखेच ते आहे. ‘टू ड्राइव्ह’ हे ‘हाकण्यास’सारखे. ही रूपे मोजावयाची नाहीत. वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदे जितकी, तितके क्लॉज. एवढे सूत्र धरले की निम्मे काम होते. पेन्सिलीने प्रथम क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि मगच पुढे जावे, असा आमच्या वर्गाचा दंडक आहे.

उदाहरणांसाठी पाठ्यपुस्तकातील ‘द कॅट’ आणि ‘द मॅट’ घेण्याऐवजी आपल्या गावात घडलेला प्रसंग घेऊ. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळे मार्गावरील एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची माहिती घेऊन ते चाळीसगाव स्थानकावर परतले. येथील वस्तीतील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. वस्ती स्थानकापासून सुमारे दोन मैल, मध्ये नदी. स्थानकावर टांगे पुष्कळ होते. पण त्यांना बसवून टांगा हाकण्यास एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, मात्र हाकणारा वस्तीतलाच एकजण, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरील मोरीजवळ चाक अडले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले. हा सारा वृत्तान्त त्यांनी स्वतः इंग्रजीत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवला आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात तो वाचावयास मिळतो. खालील वाक्ये मात्र त्यातील नव्हेत. ती आम्ही वर्गासाठी रचलेली आहेत.

‘द टांगावाला रिफ्यूज्ड.’ एक क्रियापद, एक क्लॉज, केवल वाक्य. ‘द टांगावाला रिफ्यूज्ड, अँड द गेस्ट वेटेड.’ दोन क्रियापदे, दोन क्लॉज, आणि मध्ये ‘अँड’. दोन्ही आपापल्या पायांवर उभे आहेत, संयुक्त वाक्य. ‘द गेस्ट वेटेड बिकॉज द टांगावाला रिफ्यूज्ड.’ येथेही क्लॉज दोनच, परंतु ‘बिकॉज द टांगावाला रिफ्यूज्ड’ एवढेच म्हणून थांबले तर ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहत राहतो. जो क्लॉज एकटा उच्चारला असता अधुरा वाटतो, तो गौण. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांतील माहिती जवळजवळ तीच आहे. पण दुसऱ्यात दोन घटना शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि तिसऱ्यात एकीने दुसरीचे कारण व्हावे लागले आहे. कोण कोणामुळे थांबला, हे ‘अँड’ सांगत नाही, ‘बिकॉज’ सांगतो.

गौण क्लॉजचा प्रकार ओळखणे हा खरा अवघड भाग. बहुतेक मार्गदर्शिकांत जोडशब्दांची यादी दिलेली असते : ‘दॅट’ आला की नाऊन क्लॉज, ‘हू’ किंवा ‘व्हिच’ आला की अ‍ॅडजेक्टिव्ह, ‘व्हेन’ आला की अ‍ॅडव्हर्ब. ही यादी पाठ केलेला विद्यार्थी पाचांपैकी दोन वाक्यांत हमखास चुकतो, असा आमचा अनुभव आहे. कारण तोच शब्द तिन्ही घरी पाहुणा म्हणून जातो. चाळीसगाव जंक्शनच्या मुलांना रेल्वेचे उदाहरण लवकर समजते, म्हणून ही तीन वाक्ये पाहा.

‘आय डू नॉट नो व्हेन द ट्रेन कम्स.’
‘द अवर व्हेन द ट्रेन कम्स इज फिक्स्ड.’
‘वी गेट अप व्हेन द ट्रेन कम्स.’

‘व्हेन द ट्रेन कम्स’ हे चार शब्द तिन्ही ठिकाणी जसेच्या तसे आहेत, आणि तिन्ही ठिकाणी प्रकार वेगळा आहे. इंग्रजी यांत काही फरक दाखवीत नाही. मराठी दाखवते! तीच वाक्ये मराठीत म्हणून पाहा. ‘गाडी केव्हा येते हे मला ठाऊक नाही.’ ‘ज्या वेळी गाडी येते ती वेळ ठरलेली आहे.’ ‘जेव्हा गाडी येते तेव्हा आम्ही उठतो.’ पहिल्यात ‘केव्हा’ आणि ‘हे’. दुसऱ्यात ‘ज्या’ आणि ‘ती’. तिसऱ्यात ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’. इंग्रजीचा एकच ‘व्हेन’ आपल्याकडे ‘क’चा शब्द होतो किंवा ‘ज’चा शब्द होतो, आणि मुख्य वाक्यात त्याला उत्तर देणारा एक शब्द उभा असतो. त्या उत्तर देणाऱ्या शब्दाकडे पाहावे. तो ‘हे’ किंवा ‘असे’ असेल तर नामवाक्य. नामाला चिकटलेला ‘तो, ती, ते’ असेल तर विशेषणवाक्य. ‘तेव्हा, तेथे, तर, तरी, म्हणून, तसे’ यांपैकी काही असेल तर क्रियाविशेषणवाक्य.

ही किल्ली आम्हांला एका विद्यार्थ्याने दिली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. तो घरी अहिराणी बोलणारा. फळ्यावरचे ‘व्हेअर’चे वाक्य त्याने मनातल्या मनात ‘जठे’ आणि ‘तठे’ घालून सोडवले, आणि उत्तर बरोबर आले. जी बोली वर्गाबाहेर ठेवून यावी असे मुलांना उगाच वाटत असते, तिनेच इंग्रजीचे कुलूप उघडले. आपल्या शाळेत पालीच्या गाथा म्हणणाऱ्या मुलांना ‘यो’ आणि ‘सो’ ही जोडीही परिचित असते. ‘जो’ आणि ‘तो’ यांचेच ते जुने रूप.

आता टांग्याकडे परत जाऊ. ‘ही सेड दॅट ही वुड नॉट ड्राइव्ह.’ मराठीत : ‘मी हाकणार नाही, असे तो म्हणाला.’ ‘असे’ आले, नाऊन क्लॉज. ‘द मॅन हू ड्रोव्ह द टांगा वॉज नॉट अ टांगावाला.’ मराठीत : ‘ज्या माणसाने टांगा हाकला तो माणूस टांगेवाला नव्हता.’ अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘दो देअर वेअर मेनी टांगाज, नो टांगावाला वॉज रेडी टू ड्राइव्ह.’ मराठीत : ‘जरी टांगे पुष्कळ होते, तरी एकही टांगेवाला हाकण्यास तयार नव्हता.’ अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, आणि तोही विरोध दाखवणारा.

‘दॅट’च्या बाबतीत एक जागा फार फसवी आहे. ‘द न्यूज दॅट वी हर्ड वॉज ट्रू’ आणि ‘द न्यूज दॅट ही वॉज इन्जर्ड वॉज ट्रू’ ही वाक्ये दिसायला जुळी भावंडे. परंतु मराठीत पहिले ‘आम्ही जी बातमी ऐकली ती खरी होती’ असे होते, आणि दुसरे ‘ते जखमी झाले ही बातमी खरी होती’ असे. पहिल्यात ‘जी’ला ‘ती’ उत्तर देते, विशेषणवाक्य. दुसऱ्यात ‘जी’ घालताच येत नाही, बातमी कोणती याचे ते वर्णन नव्हे, बातमीच ती आहे, नामवाक्य. इंग्रजीतून पडताळावयाचे असेल तर ‘दॅट’च्या जागी ‘व्हिच’ ठेवावा. पहिल्यात बसतो, दुसऱ्यात बसत नाही.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागते असे मात्र नव्हे. ‘द फॉल वॉज सो हेवी दॅट ही फेन्टेड’ या वाक्याचे मराठी ‘मार इतका जबर होता, की ते बेशुद्ध पडले’ असे होईल. येथे ‘की’ पाहून मुले नामवाक्य लिहितात. खरे तर मुख्य वाक्यातील ‘इतका’ हाच उत्तर देणारा शब्द आहे; तो परिणाम सांगतो, म्हणून हा अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. शिवाय इंग्रजी कधी कधी जोडशब्दच गाळते. ‘द मॅन वी मेट’मध्ये ‘हूम’ दिसत नाही, पण क्लॉज आहेच. म्हणून क्रियापदे आधी मोजायची.

मराठीची मदत घेताना मराठीची सवय इंग्रजीत शिरू नये, हेही पाहावे लागते. आपल्याकडे ‘जरी’ला ‘तरी’ लागतोच. इंग्रजीत ‘दो’ला ‘बट’ लागत नाही. ‘दो ही वॉज इन्जर्ड, बट…’ असे लिहिले की गुण गेले. तेच ‘अ‍ॅज’ आणि ‘सो’ यांचे. ‘पाऊस पडला तर’ याचे ‘इफ इट विल रेन’ असे भाषांतर करण्याची खोड तर आम्हा शिक्षकांनाही बोलताना लागलेली आहे. तेथे ‘इफ इट रेन्स’ एवढेच हवे. दुसरा फरक मोठा आहे. ‘काल आलेला मुलगा’ एवढ्यात मराठीचे काम भागते. इंग्रजीला ‘द बॉय हू केम यस्टरडे’ असा पुरा क्लॉज उभारावा लागतो. आपल्याकडची लांबलचक धातुसाधिते इंग्रजीत बहुधा क्लॉज होऊन बाहेर पडतात, ही गोष्ट ज्या मुलाच्या ध्यानात येते त्याचे निबंध एका सत्रात सुधारलेले आम्ही पाहिले आहेत.

‘क्लॉज’ या शब्दाचा आणखी एक अर्थ माजी विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असेल. कायद्याच्या पुस्तकात क्लॉज म्हणजे खंड : संविधानाच्या अनुच्छेदाचा आकडा घातलेला भाग. व्याकरणातला क्लॉज वेगळा. पण दोन्ही एकत्र ठेवून संविधान वाचले तर एक गोष्ट नजरेस येते. अनुच्छेद १९ मध्ये पहिल्या खंडात स्वातंत्र्ये दिली आहेत आणि दोन ते सहा या खंडांत त्यांवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यसंस्थेला दिली आहे. अनुच्छेद १७ इंग्रजीत उघडावा. अस्पृश्यता नष्ट करणारा तो अनुच्छेद अवघ्या दोन वाक्यांचा आहे. पहिल्यात काळ दाखवणारी दोन क्रियापदे, ‘अँड’ने जोडलेली, दुसऱ्यात एकच. गौण क्लॉज एकही नाही. ‘इफ’ नाही, ‘अनलेस’ नाही, ‘दो’ नाही, ‘एक्सेप्ट व्हेन’ नाही. ज्या मसुदा समितीने ही वाक्ये सभागृहापुढे ठेवली, तिचे अध्यक्ष चाळीसगावच्या मोरीवर पडलेले तेच गृहस्थ होते. दहावीच्या वर्गात आम्ही हा अनुच्छेद फळ्यावर लिहितो आणि गौण क्लॉज शोधावयास सांगतो. मुले बराच वेळ शोधतात. मग कोणीतरी चाचरत म्हणते, ‘सर, नाहीच आहे.’

याच्या अगदी उलट टोकाचे वाक्य टांग्याच्या वृत्तान्ताच्या शेवटी आहे. ते येथे उद्धृत करीत नाही. पुस्तक काढून पाहावे. त्याची बांधणी तेवढी सांगतो. मुख्य क्लॉज अगदी लहान आहे : ‘मला तेव्हा कळले’ या अर्थाचा. काय कळले, ते ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या नाऊन क्लॉजमध्ये आहे : टांगेवाल्याजवळ एक प्रतिष्ठा असते. कोणती प्रतिष्ठा, हे सांगणारा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज ‘बाय व्हिच’ने लागतो : जिच्या बळावर तो स्वतःकडे एका विशिष्ट नजरेने पाहू शकतो. कसा माणूस म्हणून पाहतो, हे ‘हू’ने येणाऱ्या आणखी एका अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये आहे : जो कोणत्याही अस्पृश्यापेक्षा श्रेष्ठ आहे. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत आतल्या घरात, ‘इव्हन दो’ने येणारा छोटासा अ‍ॅडव्हर्ब क्लॉज : तो अस्पृश्य जरी बॅरिस्टर असला तरी. असे हे क्लॉज, एकात एक बसवलेल्या डब्यांसारखे. मोडलेल्या पायाचा त्यात उल्लेख नाही, राग नाही, उद्गारचिन्ह नाही. लिहिणाऱ्याने स्वतःची बॅरिस्टरची पदवी वाक्यातील सर्वांत गौण जागी ठेवली आहे. कारण त्या दिवशी स्थानकावर तिची किंमत तेवढीच ठरली होती. बांधणी समजल्याशिवाय हे वाक्य नुसते लांब वाटते. सारे क्लॉज सुटे करून पुन्हा जोडले की आठवीतली मुलेही गप्प होतात. हे वाक्य सोडवलेला वर्ग पुन्हा ‘क्लॉज कशाला शिकायचे’ असे विचारीत नाही, निदान त्या वर्षी तरी.

आता पालकांसाठी दोन शब्द. इंग्रजी येत नसले तरी आपण मुलांचा हा अभ्यास घेऊ शकता. मूल वाक्य वाचू लागले की प्रथम विचारावे, ‘यात क्रियापदे किती?’ मग म्हणावे, ‘आता मला हे मराठीत सांग.’ अहिराणीत सांगितले तरी चालेल. त्याच्या तोंडून ‘असे’ येते, ‘तो’ येतो की ‘तेव्हा’ येते, एवढेच कान देऊन ऐकावे. मूल अडखळले तर तेथेच क्लॉजचा सांधा आहे असे समजावे.

सरावासाठी तीन वाक्ये देतो. ‘दोज हू केम टू द स्टेशन न्यू व्हाय ही हॅड टू वेट.’ ‘व्हेअर द रोड क्रॉसेस द रिव्हर, देअर इज अ कल्व्हर्ट.’ ‘द फॉर्म विल नॉट बी अ‍ॅक्सेप्टेड अनलेस यू साइन इट.’

पहिल्यात क्रियापदे तीन : ‘केम’, ‘न्यू’, ‘हॅड’. ‘हू केम टू द स्टेशन’ अ‍ॅडजेक्टिव्ह, कारण ‘जे आले त्यांना’; ‘व्हाय ही हॅड टू वेट’ नाऊन, कारण ‘का थांबावे लागले हे’. दुसऱ्यात ‘जेथे’ला ‘तेथे’ उत्तर देते, म्हणून स्थळ दाखवणारा अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. तिसऱ्यात ‘अनलेस यू साइन इट’ हा अट घालणारा अ‍ॅडव्हर्ब क्लॉज आहे : सही केल्याखेरीज अर्ज घेतला जाणार नाही, म्हणजे सही करावयाची आहे. ज्या विद्यार्थ्याचे वर्ष गेले होते, त्याने पुढच्या वर्षी दाखला जोडून अर्ज केला आणि शिष्यवृत्ती मिळवली. आता सुट्टीत आला की तो अभ्यासिकेत बसून धाकट्यांना हेच तिसरे वाक्य सोडवून दाखवतो.